रॉटिंगडीनचा दुसरा आवाज

पारंपरिक इंग्रजी लोकगीत हा एकट्या माणसाने, साथीविना गाण्याचा प्रकार आहे. त्यात हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत चालणारे आवाज) आणि कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) आले की ते बाटलं, असं मानणारे जाणकार आजही आहेत. त्यांच्यासमोर गिटार मांडीवर घेऊन बसलेला दुसरा पक्ष असतो. त्याचं म्हणणं असं की गाणं जिवंत असेल तर ते कपडे बदलणारच. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि दोन्हीकडून फार मोघम बोललं जातं. म्हणून इथे एकच प्रकरण घेतो, रॉटिंगडीन गावच्या कॉपर बंधूंचं. ते या वादात पुन्हा पुन्हा साक्षीला काढलं जातं, पण त्याची उलटतपासणी क्वचितच होते.

1898 सालची बैठक

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ससेक्समध्ये, ब्रायटनच्या जरा पूर्वेला रॉटिंगडीन नावाचं गाव आहे. मागे खडूच्या टेकड्या, त्यांवर मेंढ्या, समोर समुद्र. 1898 साली तिथे शेतीवर जगणारे लोक होते, तशीच लंडनहून आलेली बडी मंडळीही होती. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग त्याच सुमारास गावात राहत होता. ऑस्कर वाइल्डची उलटतपासणी घेणारे बॅरिस्टर एडवर्ड कार्सन यांचंही तिथे घर होतं. कार्सनांकडे केट ली नावाची गायिका पाहुणी म्हणून आली. त्याच वर्षी लंडनमध्ये फोक-साँग सोसायटी स्थापन झाली होती आणि ली तिच्या पहिल्या चिटणीस.

गावातले दोन भाऊ जुनी गाणी छान गातात असं कानावर आल्यावर त्यांना त्या घरी बोलावण्यात आलं. एक जेम्स कॉपर, ज्याला सगळे 'ब्रॅसर' म्हणत. हा मोठ्या शेतावरचा मुकादम. दुसरा टॉमस, 'ब्लॅक हॉर्स' या पबचा मालक. टेबलावर व्हिस्की ठेवली गेली आणि गाणी सुरू झाली. ली यांनी पुढे लिहिलेल्या आठवणीत एक तपशील मोलाचा आहे. प्रेमाचं गाणं म्हणा, समुद्राचं म्हणा, नांगरणीचं म्हणा, काहीही मागितलं तरी हे दोघे आधी एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने बघत आणि मग अत्यंत गंभीर चेहऱ्याने सुरू होत.

ही नजर महत्त्वाची आहे. एकटा गाणारा कुणाकडे बघत नाही. इंग्लंडच्या खेड्यातले कित्येक जुने गायक तर डोळे मिटून किंवा भिंतीकडे बघून गात. कॉपर बंधू एकमेकांकडे बघत, कारण ते दोन आवाजांत गात होते. एकाकडे चाल, दुसऱ्याकडे खालचा आवाज.

ली यांनी उतरवलेली गाणी 1899 साली सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात आली आणि दोन्ही भावांना सोसायटीचं मानद सभासदत्व मिळालं. म्हणजे इंग्रजी लोकगीतांच्या संघटित अभ्यासाचा श्रीगणेशाच हार्मनीत गाणाऱ्या माणसांपासून झाला. आणि तरीही पुढच्या दहा वर्षांत सर्वमान्य मत असं ठरलं की इंग्रजी लोकगीत हे मुळात एकट्या आवाजाचं असतं.

असं मत का पडलं

हे मत घट्ट करण्यात सर्वात मोठा हात सेसिल शार्प यांचा. इंग्लंड आणि अमेरिकेतला अ‍ॅपलेशियन डोंगराळ प्रदेश मिळून त्यांनी सुमारे 5,000 चाली टिपल्या, तेव्हा त्यांचं बोलणं हवेतलं नव्हतं. 1907 साली त्यांनी आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. लोकगीताची चाल स्वतःच्या पायावर उभी असते, ती कॉर्डच्या आधारावर रचलेली नसते, हे त्यांचं निरीक्षण आजही मला बरोबर वाटतं. जुन्या चालींपैकी बऱ्याच आपल्या काफी किंवा खमाज थाटाच्या सुरांत बसतात. त्यांना मेजर (शुद्ध गंधाराच्या) आणि मायनर (कोमल गंधाराच्या) या पाश्चात्त्य चौकटींत कोंबलं की त्यांचा जीव जातो.

पण शार्प यांचा स्वतःचा व्यवहार बघा. सप्टेंबर 1903 मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी ते आपल्या पाद्री मित्राकडे उतरले होते. तिथला माळी जॉन इंग्लंड बागेत काम करता करता गात होता. शार्प यांनी ती चाल टिपली, हातोहात तिला पियानोची साथ रचली आणि त्याच दिवशी संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदाच्या जेवणावेळी एका शिकलेल्या गायिकेकडून ते गाणं गाऊन घेतलं. या गाण्याला पहिल्यांदाच मेजवानीचा पोशाख चढला, असं कुणीतरी तिथे म्हणालं. जॉन इंग्लंडला अभिमान वाटला, पण त्या पोशाखाबद्दल तो जरा साशंक होता, असं शार्प यांच्या चरित्रात आहे. पुढे 1904 ते 1909 या काळात सॉमरसेटच्या गाण्यांचे पाच भाग निघाले, तेही पियानोच्या साथीसकट. म्हणजे सिद्धांत एकट्या आवाजाचा आणि छापील पान कॉर्डचं. यात ढोंग नव्हतं. ही गाणी शाळांत आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत पोचवायची तर तेव्हा पियानोशिवाय मार्ग नव्हता. मात्र यामुळे एक विचित्र वाटणी झाली. साथ रचायचा अधिकार संगीत शिकलेल्याचा, आणि खेडूत मात्र एकटाच गातो.

या मताला संग्राहकांच्या कामाच्या पद्धतीनेही हातभार लावला असावा, हे माझं अनुमान. सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या घरी जायचं, त्याला समोर बसवायचं, वही काढायची आणि ऐकता ऐकता एक ओळ उतरवायची. त्या म्हाताऱ्याबरोबर तरुणपणी खालचा आवाज धरणारा भाऊ किंवा शेजारी केव्हाच वारलेला असेल, तर वहीत एकच ओळ येणार. दोघे जण हजर असले तरी दोन ओळी एकदम टिपणं सोपं नाही. शिवाय संग्राहकांना हवं होतं ते चर्च, छापखाना आणि शहरी करमणुकीच्या आधीचं काहीतरी. सा-ग अंतराने चालणारे दोन आवाज ऐकू आले की त्यांना आधी चर्चच आठवणार.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही हलका नाही, तो दडपून चालणार नाही. नॉर्फकचा हॅरी कॉक्स घ्या. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रित झालेल्या मोठ्या इंग्रजी लोकगायकांपैकी हा एक, आणि तो एकटाच गायचा. ओळ कुठे ताणायची, कुठे सोडायची, शब्दासाठी ठेका किती वाकवायचा, हे सगळं त्याच्या मर्जीवर. शेजारी कुणी खालचा आवाज धरला असता तर ही मोकळीक पहिल्या कडव्यातच संपली असती. लिंकनशरचा जोसेफ टेलर याहून बोलका. तो अनेक वर्षं चर्चच्या गायकवृंदात होता, म्हणजे हार्मनी त्याच्या कानात मुरलेली होती. तरी लोकगीत गाताना तो एकटा, साथीविना गायचा. त्याच्या डोक्यात दोन खाती वेगळी होती. तेव्हा चर्चमध्ये हार्मनी गाणारा माणूस घरीही ती गाणारच, असं सरसकट म्हणता येत नाही.

दोन आवाज काय करतात

कॉपरांचं गाणं आज ऐकायला मिळतं ते पुढच्या पिढ्यांमुळे. ब्रॅसरचा मुलगा जिम याने 1936 साली घरातल्या गाण्यांचे शब्द हाताने वहीत लिहून काढले. फक्त शब्द. चाल आणि खालचा आवाज हे कानाने कानाला द्यायचं होतं. 1950 साली बीबीसीच्या 'कंट्री मॅगझीन' या कार्यक्रमात जुनी गाणी लागत. ती ऐकून घरातून पत्र गेलं, बीबीसीची माणसं आली आणि त्याच वर्षी जिम आणि त्याचा मुलगा बॉब स्वतः रेडिओवर गायले. पुढे बॉब आणि त्याचा चुलतभाऊ रॉन यांची जोडी जमली. रॉनचा खर्ज असा की खोलीतली जमीन हलावी.

या जोडीचं ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐकलं तर पहिली गोष्ट जाणवते ती ही की दोन आवाज सतत वेगळे नसतात. कधी ओळीची सुरुवात एकाच सुरात होते. मग खालचा आवाज सुटतो, दोन सुरांच्या अंतराने चालीला समांतर चालतो, क्वचित उलट दिशेने जातो, कुठे पंचमावर थांबतो आणि ओळ संपताना पुन्हा येऊन मिळतो. सोय असेल तिथे वेगळं व्हायचं, नसेल तिथे एकत्र गायचं. संगीत शिकलेल्या माणसाने लिहिलेल्या हार्मनीत असं होत नाही. तिथे दुसऱ्या आवाजाला स्वतःची ओळ शेवटपर्यंत निभवावी लागते. कॉपरांच्या घरात मुलं मोठ्यांच्या शेजारी बसून ही ओळ उचलत.

दुसरी गोष्ट, गती. गाणी संथ, ठाम पावलांनी चालतात. हरकती नाहीतच म्हटलं तरी चालेल. दोघांना एकत्र श्वास घ्यायचा असतो, त्यामुळे एकाने शब्दावर रेंगाळायचं ठरवलं तर दुसऱ्याची पंचाईत. हॅरी कॉक्सकडे जे होतं ते इथे नाही. त्याऐवजी दोन पुरुषी आवाजांचं असं वजन आहे की मेंढ्यांची लोकर कातरून झाल्यावर भरणाऱ्या 'ब्लॅक रॅम' नावाच्या मेजवानीत बिअरचे मग आणि पन्नास माणसांचा गलका यांच्या वर ते पोचलं असेल.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. या घरातल्या बहुतेक चाली मेजर, म्हणजे शुद्ध गंधार-निषादाच्या आहेत. तिथे सा-ग अंतराने धावणारा खालचा आवाज चालीशी भांडत नाही. चाल जे आधीच सांगते, तेच तो जरा मोठ्याने सांगतो.

ही हार्मनी आली कुठून? अठराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चमध्ये पश्चिमेकडच्या सज्जात गावकऱ्यांचा गायकवृंद बसायचा. सोबत व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि 'बसून' हे खर्जाचं फुंकवाद्य. सुतार, चांभार, शेतमजूर तीन-चार आवाजांत स्तोत्रं गायचे आणि चाली पुष्कळदा त्यांच्यातल्याच कुणीतरी रचलेल्या असायच्या. मग चर्चमध्ये सुधारणेचं वारं आलं, ऑर्गन आला आणि सज्जातल्या मंडळींना घरी बसवण्यात आलं. गाणं मात्र घरी बसलं नाही. यॉर्कशरमध्ये शेफील्डजवळच्या स्टॅनिंग्टन, डंगवर्थ या गावांत चर्चबाहेर गेलेली नाताळगीतं पबमध्ये गेली. आजही नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे लोक खांद्याला खांदा लावून ती अनेक आवाजांत गातात. कुणाच्या हातात कागद असतो, पुष्कळांच्या नसतो. याशिवाय शहरातल्या पुरुषमंडळांची ग्ली नावाची आवाजी गाणी होती. कॉपरांच्या संग्रहातलं 'डेम डर्डन' त्याच गोतावळ्यातलं.

गोव्यातल्या 'मांडो' या गीतप्रकाराचं उदाहरण इथे आठवावंच लागतं. चर्चशी जोडलेल्या शाळांतून पोरांना सुरांचं शिक्षण मिळालं आणि ख्रिस्ती घरांतल्या लग्नसमारंभात कोकणी मांडो घुमट या मातीच्या तालवाद्याच्या ठेक्यावर दोन आवाजांत गायला जाऊ लागला. म्हणून त्याला परका म्हणायचं धाडस कुणी करत नाही. मग रॉटिंगडीनच्या मेंढपाळांना वेगळा न्याय कशासाठी?

कॉर्डचा मामला वेगळा

इथपर्यंत मी हार्मनीच्या बाजूने बोलत होतो. कॉर्डच्या बाबतीत माझं मत बदलतं, आणि या दोन गोष्टी एकाच टोपलीत टाकल्यामुळेच हा वाद इतका चिघळला असं मला वाटतं.

याच ससेक्सचं याहून जुनं एक उदाहरण आहे. जॉन ब्रॉडवुड हे पाद्री, पियानो बनवणाऱ्या प्रसिद्ध ब्रॉडवुड घराण्यातले. त्यांनी 1843 साली आपल्या भागातल्या शेतकऱ्यांची 16 गाणी छापली. साथ रचायचं काम वर्दिंगचे ऑर्गनवादक दुसार्ट यांच्याकडे दिलं. चालीत कोमल निषाद आला की दुसार्ट हैराण होत. असा सूर असूच शकत नाही म्हणत. ब्रॉडवुड गाऊन दाखवत, तरी पटेना तर बासरी काढून तोच सूर जोरात वाजवत. संगीताच्या नियमाने चूक असेल, पण माझ्या गायकांनी गायलं तसंच मला हवं, हा त्यांचा हेका. ही हकीकत त्यांची पुतणी ल्यूसी ब्रॉडवुड हिच्यामुळे आपल्याला कळते.

दुसार्ट यांना त्रास का झाला ते समजून घेण्यासारखं आहे. त्यांच्या सवयीत गाणं संपताना पंचमावरचा मेजर कॉर्ड येतो आणि मग षड्जाचा. पंचमाच्या त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद असतो. चालीत कोमल निषाद आणि हाताखाली शुद्ध निषाद, म्हणजे भांडण. एक तर चाल बदला, नाहीतर कॉर्ड. तेव्हाच्या शिकलेल्या माणसाला चाल बदलणं सोपं वाटायचं.

ऑस्ट्रेलियात जन्मलेला पर्सी ग्रेंजर हे दुखणं जास्त खोलवर पोचवतो. 1906 साली तो लिंकनशरमध्ये फोनोग्राफ घेऊन गेला आणि जोसेफ टेलरसारख्या गायकांचं गाणं मेणाच्या नळकांड्यांवर घेतलं. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर त्याला दिसलं की एकाच गाण्यात एकच माणूस गंधार कधी कोमल, कधी शुद्ध, कधी दोन्हींच्या मधला लावतो; निषादाचंही तसंच. चाली एकेका ठरावीक मोडमध्ये (आपल्या थाटासारख्या सुरांच्या चौकटीत) असतात हे पुस्तकी म्हणणं त्याने 1908 साली सोसायटीच्याच नियतकालिकात खोडून काढलं. तिथल्या काही जाणकारांना ते पचलं नाही.

आपल्या कानांना यात नवल वाटायला नको. पण गिटारवर सा-ग-प वाजवलं की गंधाराचा निकाल लागतो. गायकाने जो सूर मुद्दाम किंवा सहज अधांतरी ठेवला होता, तो वाद्याने ठरवून टाकला. दुसरा मानवी आवाज इथे सांभाळून घेऊ शकतो. भाऊ गंधार जरा उतरता लावतोय हे ऐकून आपला सूर सरकवू शकतो किंवा गप्प राहून पुढच्या शब्दावर भेटू शकतो. पडद्यांच्या वाद्याला ही मुभा नाही.

1960 च्या दशकातल्या चांगल्या गिटारवादकांनी हे ओळखलं होतं. डेव्ही ग्रॅहमने गिटारच्या सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी (म्हणजे सा-प-सा-म-प-सा) अशा लावल्या आणि 1964 साली ससेक्सच्याच शर्ली कॉलिन्स या गायिकेबरोबर ध्वनिमुद्रिका काढली. मार्टिन कार्थीने पुढे सी-जी-सी-डी-जी-ए (सा-प-सा-रे-प-ध) ही जुळवणी पक्की केली. दोन्हींत मोकळ्या तारा छेडल्या तर गंधार निघत नाही. तानपुऱ्यावरही आपण गंधाराची तार लावत नाही. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो त्याची गोष्ट निराळी. कार्थीचं वादन म्हणजे बऱ्याचदा खालच्या तारांवर चाल आणि भोवती गुंजणारे सा आणि प. याला साथ म्हणा, कॉर्ड म्हणणं जिवावर येतं. याच काळात हल शहरातलं वॉटरसन कुटुंब वाद्यांशिवाय, फक्त आवाजांच्या हार्मनीत गात होतं. 1965 सालची त्यांची 'फ्रॉस्ट अँड फायर' ही ध्वनिमुद्रिका ऐकून अनेकांना हे हजार वर्षं जुनं असावं असं वाटलं. हार्मनी त्यांची स्वतःची, कानाने जुळवलेली होती.

निकाल द्यायचा तर

रॉटिंगडीनच्या प्रकरणावरून 'इंग्लंडमध्ये सगळीकडे लोक दोन आवाजांत गात होते' असं सिद्ध होत नाही. हार्मनीप्रेमी मंडळी कॉपरांचं नाव पत्त्यातल्या हुकमाच्या एक्क्यासारखं टाकतात तेव्हा ते नेमकं हेच विसरतात. एका घराण्याची, एका गावाची रीत होती. तिच्यामागे बहुधा सज्जातलं चर्चसंगीत, पब आणि ग्ली हे सगळं होतं. तिच्यात बसतील अशी गाणी तिने जपली. पण 'पारंपरिक' या शब्दाचा काही अर्थ असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाने कानाने उचललेला खालचा आवाज त्याबाहेर कसा ठेवणार? एकट्या गाण्याला जुनं आणि अस्सल म्हणून वरची पायरी द्यायचीही गरज नाही. हॅरी कॉक्स आणि कॉपर बंधू, दोघेही आपापल्या गावचे.

एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही. कॉपरांच्या घरात मेजर चाली जास्त आहेत म्हणून दोन आवाज जमले, की दोन आवाजांत गाता गाता काफी अंगाच्या चाली घासून मेजर झाल्या किंवा मागे पडल्या? दुसरी शक्यता खरी असेल तर हार्मनीने जुनी चाल बिघडते ही शार्प यांची भीती अगदीच निराधार नव्हती. फक्त ती त्यांनी पियानोवाल्यांबद्दल, म्हणजे स्वतःबद्दलही, बाळगायला हवी होती.

आता कुणी कॉपरांचं गाणं गिटारवर बसवायला घेतलं तर? 1971 साली शर्ली कॉलिन्सने विजेच्या गिटार आणि ड्रमसह कॉपरांचंच 'क्लॉडी बँक्स' गायलं आणि ते गाणं मोडलं नाही. मेजर चाल, स्वतःचा ठाम ठेका. तिच्यावर थोडं ओझं टाकलेलं चालतं. पण समोर 'ब्रिग फेअर'सारखी कोमल गंधाराची, श्वासावर तरंगणारी चाल असेल तर आधी टेलरचं 1908 सालचं ध्वनिमुद्रण ऐकावं, गंधाराची तार मोकळी सोडावी, आणि ओळीच्या शेवटी बोटं सवयीने पंचमाच्या मेजर कॉर्डकडे वळू लागली की हात उचलून घ्यावा.